दहावी ओळ

३ जून, सोमवार

घरबसल्या मास्टर्स! सोफ्यावर तंगड्या पसरायच्या, एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि दोन वर्षांनी माणूस पदव्युत्तर!

आज प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की आपल्या विभागात जी एक जागा रिकामी आहे तिच्यासाठी ऑनलाइन पदवीवालेही अर्ज करू शकतील. मी म्हटलं, सांख्यिकीचा विभागप्रमुख मी आहे, आणि मी असेपर्यंत मोबाइलवर शिकलेला माणूस माझ्या विभागात खडू हातात धरणार नाही. तर हसले. या माणसाला मी मनात 'लोणी' म्हणतो. कितीही तापा, तो वितळतो आणि होता तिथेच राहतो. म्हणाले, "सर, ती पदवी आपलंच कॉलेज देतं. आपणच दिलेली पदवी आपणच कशी नाकारायची?"

मुद्दा बिनतोड. म्हणून तर जास्त चिडलो.

तीन वर्षांपूर्वी याच लोण्याने मला एका खोलीत दिव्यांच्या उजेडात उभं केलं आणि माझी छत्तीस व्याख्यानं रेकॉर्ड करून घेतली. ती आता कुठे वाजतात, कोण ऐकतं, कोण झोपतं, देव जाणे. दोन तुकड्या पास होऊन बाहेर पडल्या. सातशे चौसष्ट माणसं! एकाचंही तोंड मी पाहिलेलं नाही. आणि हे म्हणे माझे विद्यार्थी.

समोर बाकावर बसतो तो विद्यार्थी. माझ्या वर्गाचा नियम सगळ्या कॉलेजला ठाऊक आहे. सरांची चूक सापडली? हात वर कर. मग ये फळ्यापाशी, खडू घे, सगळ्यांदेखत सिद्ध कर. सिद्ध झालं तर मी टाळ्या वाजवीन. नाही झालं तर तास संपेपर्यंत तिथेच उभं राहायचं. अकरा वर्षं पदव्युत्तर वर्गाला शिकवतोय, टाळ्या वाजवायची वेळ आलेली नाही. यावरून काय ते समजावं.

शेवटी भांडून जाहिरातीत एक ओळ घालून घेतली : पदव्युत्तर परीक्षेत किमान साठ टक्के, एक गुणही कमी चालणार नाही. ऑनलाइनवाल्यांचे निकाल मी पाहिलेत, साठच्या वर मोजकेच आहेत. लोणी म्हणाले, "तुमचा नियम सर, तुम्ही म्हणाल तसं."

६ जून, गुरुवार

डॉक्टर म्हणतात रक्तदाब वाढलाय, चिडू नका. ही म्हणाली, "चिडू नका हे यांना चिडल्याशिवाय सांगून बघा." डॉक्टर हसले. मी नाही.

९ जून, रविवार

लेक आली होती नातीला घेऊन. नात माझा चष्मा ओढत होती, तेवढ्यात लेकीने हळूच विषय काढला. विम्याच्या कंपनीत आहे ती. तिच्या वरच्या जागेसाठी मास्टर्स लागतं. तिचं मास्टर्स अर्धंच राहिलंय. सहा वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात पहिलं वर्ष केलं, चांगल्या गुणांनी पास झाली, आणि एक दिवस अचानक सोडून नोकरीला लागली. का, ते कधी धड सांगितलं नाही. "कंटाळा आला बाबा," एवढंच. मी महिनाभर बोललो नव्हतो तिच्याशी.

आता विचारतेय, "ऑनलाइन पूर्ण करू का? फॉर्मची शेवटची तारीख पाच जुलै आहे. तिची किंमत राहील का, ते तुम्ही सांगा. तुम्हाला आतलं माहितीये."

माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. सरळ सांगितलं : त्या पदवीला किंमत नाही. परीक्षा कॅमेऱ्यासमोर. शेजारच्या खोलीतून कोण काय सांगतंय, कॅमेऱ्याला काय कळतं? उत्तरं तपासतं यंत्र. बाजूला बसून तुझ्याशी वाद घालणारं कोणी नाही. शिक्षकाला तुझं नाव माहीत नाही. तुझ्या साहेबाने कागद बघून मान हलवली तरी मनात काय म्हणेल? अर्धी सोडलेलीस ती पदवी होती, ही पावती आहे!

तिने ऐकून घेतलं. पोरीला कडेवर घेतलं. म्हणाली, "नोकरी आणि हिला सांभाळून दुसरं कुठे बसू मी, तेवढं सांगा फक्त."

 मी आणखी मोठ्याने बोललो. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "शेजाऱ्यांनाही मास्टर्स मिळेल आता."

१२ जून, बुधवार

तिसऱ्या तुकडीसाठी दोन नवी व्याख्यानं हवीत म्हणून पुन्हा त्या खोलीत. खिडक्यांना काळे पडदे, भिंतीला अंड्यांच्या ट्रेसारखा स्पंज, मधे मी, घामाने निथळतोय. पंखा लावायचा नाही, आवाज येतो! समोर एकही चेहरा नाही, नुसता तांबडा ठिपका.

कॅमेरावाले गृहस्थ तेच, तीन वर्षांपूर्वीचे, टक्कल पडलेले, माझ्याच वयाचे, फार नम्र. म्हणाले, "सर, मधे मधे तुम्ही 'कळलं?' म्हणता आणि पाच-सहा सेकंद रोखून बघता. ते नंतर कापावं लागतं." म्हटलं, ती शंका विचारायची जागा आहे. ते म्हणाले, "हो, पण इथे विचारणार कोण?"

बरोब्बर! अगदी हेच मी तीन वर्षं ओरडून सांगतोय.

१४ जून, शुक्रवार

तेवीस अर्ज. पाच जणांना बोलावलंय. कार्यालयाने केलेल्या यादीत एकच ऑनलाइनवाली आहे, आपल्याच पदवीची, दुसऱ्या तुकडीतली. टक्के : ६०. बरोबर काठावर! बाई पशुखाद्याच्या कारखान्यात काम करते. पोती भरणारी मशीनं नीट वजन भरतात की नाही ते तपासते. म्हणजे दिवसभर पोती मोजायची आणि रात्री मला मोबाइलवर बघायचं. येऊ दे. माझी व्याख्यानं पाठ करून आली असेल. पोपटपंची कशी काढायची ते मला चांगलं माहीत आहे.

१८ जून, मंगळवार

 लिहून काढतो, नाहीतर डोकं फुटेल.

समितीत आम्ही तिघे. लोणी, मी, आणि दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या तज्ज्ञ बाई. पहिला आला सुवर्णपदकवाला. परगावचा, नियमित पदवी, इस्त्रीचा शर्ट, उत्तरं झकास. मी मनात त्याला नेमून टाकलं होतं.

चौथी ती पोत्यांवाली. पस्तिशीची असेल, पायात साध्या चपला, पिशवीत डबा. कारखान्यातून अर्धी रजा टाकून आलेली. मी ठरवलं होतं तेच केलं. माझ्याच नवव्या व्याख्यानातलं उदाहरण जसंच्या तसं टाकलं : मशीनने पन्नास किलोची पोती भरायची. दहा पोती काढून वजन केली. गणित करून आकडा आला २.२४. तक्त्यातल्या आकड्यापेक्षा हा मोठा निघाला तर मशीन बिघडलं, लहान निघाला तर ठीक. बोला, मशीन कसं आहे?

ती म्हणाली, "ठीक आहे."

मी हसलो. खरंच हसलो, तोंडावर. म्हटलं, माझी व्याख्यानंसुद्धा नीट ऐकली नाहीत तर. उत्तर आहे, मशीन बिघडलंय.

ती म्हणाली, "नाही सर. दहा पोती म्हणजे तक्त्याची नववी ओळ बघायची, एक कमी. हे तुम्हीच शिकवलंत. नवव्या ओळीत २.२६२ आहे. पण उदाहरण सोडवताना तुम्ही दहावी ओळ वाचलीत, २.२२८. व्याख्यान नऊ, एकतिसावं मिनिट. मी तीनदा लिहिलं होतं."

तज्ज्ञ बाईंनी टेबलावरचं पुस्तक ओढलं, तक्ता काढला, बोट फिरवलं आणि पुस्तक मिटलं.  लोणी छताकडे बघत होते.

आणि मी काय केलं? कबूल करायचं होतं. टाळ्या वाजवायच्या होत्या, माझाच नियम! मी म्हणालो, "बाई, तुम्ही इथे मुलाखत द्यायला आलाय की घ्यायला?"

तिने पिशवी उचलली, नमस्कार केला. दारापाशी थांबून म्हणाली, "तुमच्या उत्तराप्रमाणे मी मशीन बंद केलं असतं तर अख्खी पाळी घरी बसली असती सर, उगाच." आणि गेली.

१९ जून, बुधवार

व्याख्यान नऊ बघितलं. स्वतःला बघणं ही काय शिक्षा आहे! केवढ्याने बोलतो मी. डोळे काय वटारतो.

एकतिसावं मिनिट. तक्त्यावर बोट. नववी ओळ ओलांडून दहावीवर. माझंच बोट, माझीच अंगठी.

त्या दिव्यांनी केलं हे! घाम डोळ्यांत जात होता, समोर तांबडा ठिपका, पंखा बंद. वर्गात हेच उदाहरण अकरा वर्षं घेतोय, हातात कागद न धरता, आणि वर्गात असं झालं असतं तर तिथल्या तिथे चाळीस हात वर आले असते. त्या खोलीत एक भिंत होती आणि एक टक्कल. सांगणार कोण?

दुपारी मदतकक्षात गेलो. जिन्याखालची खोली. सगळ्या ऑनलाइन तुकड्यांच्या शंकांना उत्तरं द्यायला एकच बाई, तीही कंत्राटी. तिने शोधून काढलं. पोत्यांवालीची तीन पत्रं. पहिलं नम्र. दुसऱ्यात तक्त्याचा फोटो, नवव्या ओळीखाली शिसपेन्सिलीची रेघ. तिसरं दोन ओळींचं : "परीक्षा जवळ आली आहे. कोणतं उत्तर लिहू, सरांचं की बरोबर?" तिन्हीच्या खाली यंत्राचा शेरा, आपला प्रश्न निकाली काढण्यात आला आहे, आपला अनुभव कसा वाटला ते कळवा.

मी कडाडलो. निकाली कोणी काढला? बाई घाबरली नाही. म्हणाली, "सर, पहिलं पत्र घेऊन मी तुमच्याकडे आले होते, विभागात. तुम्ही म्हणालात, कॅमेऱ्यातल्या माणसांच्या शंका माझ्यापर्यंत आणायच्या नाहीत."

मला आठवत नाही. पण शब्द माझेच आहेत, हे नाकारता येईना.

२१ जून, शुक्रवार

आज आणखी एक कळलं. आधीच सुचायला हवं होतं, सांख्यिकीचा प्राध्यापक ना मी!

ऑनलाइन परीक्षेची प्रश्नपेढी मीच करून दिली होती. कंटाळून, घाईत, व्याख्यानातली उदाहरणंच उचलून. पोत्यांचं उदाहरण त्यात सक्तीचं, सहा गुणांचं. उत्तरसूचीत 'बिघडलं' हेच बरोबर. यंत्र त्याप्रमाणे तपासतं. म्हणजे ज्यांनी पोपटपंची केली त्यांना सहा. ज्यांनी डोकं वापरलं त्यांना शून्य.

तिची गुणपत्रिका काढून घेतली. सोळाशेपैकी नऊशे अठ्ठावन्न. ५९.८७! कार्यालयातल्या कारकुनाने यादीत ६० लिहून टाकलं होतं. पोत्यांच्या प्रश्नापुढे शून्य. सहा गुण दिले असते तर नऊशे चौसष्ट, साठच्या वर, बिनबोभाट.

तसाच लोण्याकडे गेलो. त्यांनी गुणपत्रिका बघितली, चेहरा खुलला. "अरे वा, ही साठच्या खाली आहे! मग प्रश्नच मिटला की. तुमचाच नियम, एक गुणही कमी चालणार नाही. सुवर्णपदकवाल्याला घेऊ." म्हटलं, ती खाली आहे ती माझ्यामुळे. तर खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात बोलायला लागले. उत्तरसूची चुकली म्हटलं की सातशे चौसष्ट निकाल उघडावे लागतील. पेपरात येईल. ज्या पदवीला तुम्ही नावं ठेवता तिला उद्यापासून जगच नावं ठेवेल. शिवाय, "सर, तुमचे आठ महिने राहिलेत. निरोपसमारंभाला लोक काय बोलतील? नवव्या व्याख्यानाची चूक गुपचूप कापून नवीन तुकडा जोडू. कुणाला पत्ता लागणार नाही."

आठ महिने! एकोणतीस वर्षं मान ताठ ठेवून शिकवलं, आणि शेवटचे आठ महिने हा माणूस मला भीती घालतोय. आणि वाईट हे, की मला भीती वाटली. घरी येईपर्यंत वाटत होती.

२२ जून, शनिवार

काही लिहावंसं वाटत नाही. हिला सगळं सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, "तुम्ही वर्गात काय सांगता चूक सापडल्यावर काय करायचं?" आणि पुढचा वाटाणा.

२३ जून, रविवार

लेकीलाही सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, बघा, मी सांगत होते. ती तसं काही बोलली नाही.  मग विचारलं, "ती बाई खरंच तोंडावर बोलली? तुमच्या? समितीसमोर?" हो म्हटलं. "तेही उत्तर चुकलं म्हणून?" हो! पुन्हा पुन्हा काय तेच विचारते?

मग मी तिच्या फॉर्मवर आलो. म्हटलं, या प्रकरणातून तुझं उत्तर मिळालं बघ. पदवीची किंमत ठरवायची तर इमारत बघू नको, जाहिरात बघू नको, साहेब काय म्हणेल तेही बघू नको. एकच विचार : तिथे शिक्षकाची चूक दाखवली तर ऐकून घेणारा कोणी आहे का? असेल तर ती पदवी. नसेल तर कागद. ऑनलाइनमध्ये तीन पत्रं लिहून तीनदा कचऱ्यात गेली. वर्गात हे एका दिवसात निस्तरलं असतं.

लेक म्हणाली, "हा प्रश्न फक्त ऑनलाइनलाच विचारायचा का, बाबा?"

म्हटलं, म्हणजे काय? तर म्हणे, काही नाही, हिची झोपायची वेळ झाली. नातीला घेऊन गेलीच. माझ्या घरात सरळ बोलायची सवय कोणालाच नाही!

२५ जून, मंगळवार

पत्र दिलं. परीक्षा विभागाला, प्रत प्राचार्यांना, प्रत तज्ज्ञ बाईंना. चार ओळी. उत्तरसूची चुकीची आहे, चूक माझी आहे, बरोबर उत्तर लिहिणाऱ्या प्रत्येकाला सहा गुण द्यावेत, तोवर निवड थांबवावी.

लोणी आज पहिल्यांदा वितळले नाहीत. भांडं आपटावं तसे आपटले. मी कॉलेज बुडवायला निघालोय, म्हातारपणी प्रामाणिकपणाचं खूळ शिरलंय, वगैरे वगैरे. मीही सोडलं नाही. शिपाई दार लावून बाहेर उभा राहिला. मी म्हटलं, पदवी विकताना ती नियमितच्या बरोबरीची म्हणता ना, मग तिच्यातली चूकसुद्धा बरोबरीने दुरुस्त करा!  रात्री मात्र आठवड्याभरात पहिल्यांदाच नीट जेवलो.

२८ जून, शुक्रवार

तज्ज्ञ बाईंनी दोन पानांचं कडक पत्र पाठवलं. त्यामुळे लोण्याचा नाइलाज झाला. दोन्ही तुकड्यांची उत्तरं पुन्हा तपासली. चुकीचं उत्तर लिहिलेल्यांचे गुण कापणार नाहीत, ते त्यांच्या शिक्षकाचं पाप. बरोबर लिहिणाऱ्यांना सहा.

असे किती? एक्केचाळीस.

सातशे चौसष्टपैकी एक्केचाळीस माणसांनी, मी ठासून चुकीचं सांगितलेलं असताना, बरोबर लिहिलं आणि शून्य घेऊन गप्प बसली. आणि मी त्यांना सोफ्यावर तंगड्या पसरणारे म्हणत होतो. त्यांच्यातला कोण कुठल्या पाळीवरून आला असेल, कोणाच्या मांडीवर पोर झोपलं असेल. स्वतःचाच इतका राग येतोय की कोणावर काढावा समजत नाही.

पोत्यांवालीला मी स्वतः फोन केला. मागून यंत्रांचा आवाज येत होता. माफी मागितली. मला ती सवय नाही, तीनदा अडखळलो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गुणांचं असू दे सर. तेव्हा कोणी नुसतं 'हो, चुकलं' असं लिहिलं असतं तरी चाललं असतं. मला वाटायला लागलं होतं की मलाच येत नाही."

२ जुलै, मंगळवार

निवड झाली. पोत्यांवालीच! माझं मत तिला, तज्ज्ञ बाईंचं तिला, लोणी तटस्थ. एक ऑगस्टपासून रुजू होईल. मी तिला म्हटलं, आपल्या विभागात चूक दिसली की हात वर करायचा, तो माझा नियम आहे. ती हसली. म्हणाली, "फळ्यापाशी उभं करता ते ऐकलंय."

नववं व्याख्यान मी पुन्हा रेकॉर्ड करणार. गुपचूप कापाकापी नाही. सुरुवातीलाच सांगणार, आधीच्या व्याख्यानात चूक होती. आणि या वेळी वर्गात ज्या क्रमाने घेत आलो त्याच क्रमाने घेणार. इतके दिवस त्या दिव्यांनी माझं डोकं फिरवलं. वर्गातलं ते वर्गातलंच! लेकीला फोन करून तेच सांगितलं. म्हटलं, माझं मत कायम आहे. ऑनलाइनमध्येही हुशार माणसं असतात, मान्य. पण वर्गात चूक टिकत नाही. तू नियमितलाच बस, नातीला आम्ही सांभाळतो. आणि तुझी माझ्या तासाची जुनी वही माळ्यावर असेल ना, ती काढतो. वर्गात मी ते उदाहरण नेमकं कसं मांडायचो ते बघायचंय.

ती म्हणाली, "वही राहू दे बाबा. कुठे धुळीत हात घालता."

म्हटलं, धुळीने मरत नाही कोणी.

५ जुलै, शुक्रवार

वही सापडली. सहा वर्षांपूर्वीची. तेव्हा कॅमेरा नव्हता, दिवे नव्हते.

दहा पोती. २.२४. तक्ता : दहावी ओळ, २.२२८. 'मशीन बिघडले आहे.' लाल शाईने दोनदा अधोरेखित.

समासात पेन्सिलीने, लेकीचं बारीक अक्षर : नववी ओळ हवी ना?

खाली बाकावरच्या मैत्रिणीचं असणार : हो. तू विचार ना, तुझेच बाबा आहेत.

त्याखाली पुन्हा लेकीचं : म्हणूनच नाही.